अर्धं वाचलेलं पत्र

आमची अन् इंद्रभान मास्तरांची भिंत एकच होती. मी काही मुद्दाम कान लावला नव्हता. बरं, थोडा लावला होता.

"माहा भाऊ नुसतं जेवाले या म्हणत होता," त्यांची बायको गोजराबाई म्हणाली. "बोकड कायचा, हे तुमी इचारलं काहून?"

"इचारलं म्हणून तं समजलं ना, देवीपुढं कापला आहे. आता कसं जावं? नव्या ख्रिस्ती घरांचे लोक पाह्यतीन, पुन्हा नवसाकडं वळतीन. पौलानं पत्रात लिवलंच आहे."

"तो पौल येऊन माह्या माहेरचं दार उघडून देईन काय?"

मास्तर जेवायला गेले नाहीत. तिलाही जाऊ दिलं नाही. तिचा भाऊ जगदेव अंगणातून ओरडून गेला, "आमच्या अन्नाचा इटाळ होते काय तुमाले?" त्या दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही.

आसेगावात तेव्हा ख्रिस्ती घरं पाच. दर रविवारी मास्तर त्यांना बायबलातली पौलाची जुनी पत्रं वाचून दाखवत, एका वेळी एक पान. मीही बाहेर बसून ऐके. बाराखडी मला त्यांनीच शिकवली. ते सांगत, दूरदूरच्या शहरांत अशीच चार-चार घरं होती, अन् त्यांच्यासाठी ही लिहिली. कुठं मंडळीत दुफळी पडली म्हणून, कुठं मेलेल्यांसाठी लोक रडत होते म्हणून, एक तर तुरुंगातून नुसतं आभार मानायला. माझा बाप हसे, "हे तं आपल्याच गल्लीचं भांडण आहे!"

मग एका रविवारी मास्तर वाचता वाचता थांबले. ज्याच्या आधारानं जगदेवाचं जेवण नाकारलं होतं तेच पत्र, पानं दोनच पुढची. दुसऱ्या धर्माच्या माणसानं जेवायला बोलावलं अन् जावंसं वाटलं तर जा. पुढ्यात येईल ते खा, चौकशी करू नका, असं त्यात होतं. अंगणात कुणाला काही उमगलं नाही. गोजराबाईला उमगलं. तिनं पदर सावरला अन् म्हणाली, "वाचा ना पुढं."

मास्तरांनी जगदेवाकडं दोनदा माणूस धाडला, एकदा स्वतः गेले. दार उघडलं नाही. अन् त्याच साली मानमोडीच्या तापाची साथ आली. चौथ्या दिवशी गोजराबाई गेली. निरोप पोचून जगदेव आला तेव्हा माती लोटून झाली होती. तो मातीवर हात ठेवून बसला, संध्याकाळ झाली तरी उठेना.

त्यानंतर मास्तरांनी पत्र तुकड्यातुकड्यानं कधी वाचलं नाही. सगळं एका बैठकीत. लोकांच्या पायाला मुंग्या येत, म्हातारे घोरत. बबनराव म्हणे, "मास्तर, पौलाले भूक लागत नसन, आमाले लागते." मास्तर म्हणत, "घरून पत्र आलं तं अर्धंच वाचून खिशात ठेवता काय?"

बेचाळीसच्या उन्हाळ्यात ते गेले. त्याच्या आदल्या रविवारी जऊळक्याला गेले होते. तिथं दोन घरांचं बोलणं बंद होतं. अंगात ताप, तरी दोघांनाही ओसरीवर बसवलं अन् तेच पत्र काढलं. खोकला आला की थांबत, पाणी पीत, पुन्हा तीच ओळ धरत. पत्राच्या शेवटी नुसते नमस्कार असतात, याला सांगा, त्याला सांगा. तेही एकेक नाव घेऊन वाचले. मग पुस्तक फडक्यात बांधलं, चहा घेतला, अन् गाडीवाल्याला म्हणाले, "चाल बापा."