स्टॉपवॉचशिवाय दोनशे मीटर

गेल्या रविवारी सकाळी घरातून निघता निघता मुलीने, सईने, माझ्यासमोर हात पसरला. "बाबा, घड्याळ द्या." मी मनगटावरचं काढायला लागलो, तर म्हणाली, "ते नाही... गळ्यातलं."

गळ्यातलं म्हणजे माझं स्टॉपवॉच. सई दहा वर्षांची असल्यापासून ते माझ्या गळ्यात आहे. सई फ्रीस्टाइल पोहते, एकदा ऑलिम्पिकलाही जाऊन आली, आणि रविवारी दादरच्या तलावावर तिची शेवटची रेस होती... दोनशे मीटर. खांदा आता साथ देत नाही, म्हणून एकोणतिसाव्या वर्षी थांबायचं तिने ठरवलंय.

ही शेवटची रेस मी घड्याळाशिवाय बघावी, एवढंच तिचं मागणं होतं. द्यावं लागलं. चिंचपोकळीहून दादरपर्यंत टॅक्सीत मी नुसता अंगठा चाळवत बसलो.

माझं हे वेड नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. कुकरच्या दोन शिट्यांमधलं अंतरसुद्धा मोजून झालंय. एकदा हिंदमाताला बायकोने साडी पसंत करायला किती वेळ घेतला, ते मी दुकानदारासमोरच जाहीर केलं... त्यानंतर दोन दिवस घरात अबोला होता.

पण सईच्या बाबतीत ते वेड नाही, माझं कामच आहे, असं मी समजायचो. दिवसभर ऑफिसात फायली, त्याआधी पहाटे तलाव. तिचा हात भिंतीला लागला की बटण दाबायचं आणि ती बाहेर आली की वेळ सांगायची. पाण्यातून डोकं वर काढल्यावर तिचा पहिला शब्द ठरलेला असायचा... "किती?"

ऑलिम्पिकची गोष्ट तर सांगायलाही लाज वाटते. अख्खी चाळ आमच्या दोन खोल्यांत टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली होती. स्क्रीनवर वेळ ढळढळीत पळत होती, तरी मी आपला हातात स्टॉपवॉच धरून! सई तिच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, सहावी आली.

मग तिचा फोन आला. मी पहिलं वाक्य काय बोलावं? "तिसऱ्या टर्नला तू वेळ घालवलास." पलीकडून ती म्हणाली, "आईला फोन द्या."

ते "आईला फोन द्या" माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

तर रविवारी मी माझ्या नेहमीच्या बाकावर. हात मोकळे, त्यामुळे जीव कासावीस. उठलो, बसलो, पाणी प्यायलो, पुन्हा उठलो... गुपचूप मोबाइल काढला, तर बायकोने तोही पर्समध्ये टाकला. "अहो, स्वस्थ बसा ना जरा!"

रेस सुटली आणि मी मनातल्या मनात सेकंद मोजायला लागलो. पहिल्या पन्नास मीटरला तिचा चेहरा पलीकडे होता, आम्हाला नुसती टोपी दिसत होती. टर्न घेऊन ती परत फिरली... आणि माझे आकडे चुकले.

श्वास घ्यायला ती आता आमच्या बाजूला मान वळवत होती. तोंड वाकडं, अर्धा गॉगल पाण्याच्या वर... आणि दर वेळी ती थेट माझ्या बाकाकडे बघतेय असं वाटत होतं.

म्हटलं, भास असेल. तिसऱ्या पन्नासला चेहरा पुन्हा पलीकडे गेला, तेव्हा मला बाकावर बसवेना. कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. शेवटच्या पन्नासला ती फिरली, आणि पुन्हा तेच. माझा हात आपोआप वर गेला.

ती कितवी येतेय, पुढे कोण आहे, मला काही कळत नव्हतं. भिंतीला तिचा हात लागला तेव्हा सवयीने अंगठा दाबला गेला, रिकाम्या मुठीवर.

बाहेर आली तेव्हा डोळ्यांभोवती गॉगलचे वळ होते, चांगलीच धाप लागली होती. आणि पहिला शब्द... "किती?"

"माहीत नाही गं," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच म्हणत होतो. ती हसायलाच लागली, मग मीही.

न राहवून विचारलं, पोहताना तू माझ्याकडे बघत होतीस का? टॉवेलने केस पुसता पुसता म्हणाली, "पहिल्यापासून बघते. कोच ओरडायचे, दोन्ही बाजूंनी श्वास घे म्हणून... मी ऐकायचे नाही. एकाच बाजूने घेतला की परतताना दर श्वासाला तुम्ही दिसायचात. पण तुमची मान कायम खाली, घड्याळात."

मला तिथेच रडू आलं. चारचौघांत आलं आणि मी ते लपवलंही नाही.

स्टॉपवॉच मी परत मागितलं नाही. पुढच्या आठवड्यापासून ती त्याच तलावावर लहान मुलांना शिकवणार आहे, तिला ते लागेल. फक्त एवढंच सांगितलं... मध्येमध्ये मान वर करून बघत जा.