शेठच्या गाडीचं लाल बटण

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शेठच्या नव्या गाडीच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरणं. सीट कातड्याची, सायीच्या रंगाची. एक टोक तिनं धरलं, एक मी. कागदावर बसलं की गाडी लागत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. तिनं हा उपाय चाळीस वर्षं केला आणि चाळीस वर्षं ओकत आली.

"एवढ्या महाग गाडीत पेपरावर बसनारी मीच पयली असन," ती म्हणाली.

"बस गुमान. सीट खराब झाली तं शेठ मलेच पुसायले लावन."

मी जन्माचा ड्रायव्हर. आधी कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवला, मग जिनिंगच्या शेठची जीप. लोकांच्या बायका माहेरी सोडल्या, बाळंतपणाला नेल्या. आपली बायको मात्र माझ्या गाडीत कधी टिकली नाही. लग्नानंतर जेव्हा जेव्हा जीपमध्ये बसवली, तेव्हा अकोल्याच्या नाक्यावरच उतरली. मग यष्टीनं जायची, तेही ओकत ओकत, नाही तर जायचीच नाही. ड्रायव्हरची बायको आणि तिलाच गाडी लागते, म्हणून लोक हसायचे. मीही हसायचो. पण टोचायचं. हात थकायच्या आधी एकदा तरी हिला आपल्या हातानं सुखरूप कुठं न्यावं, एवढी एकच गोष्ट बाकी राहिली होती.

कापसाचे दिवस वाईट आले तशी जिनिंग बंद पडली. शेठनं शेतकऱ्यांची वावरं घेऊन प्लॉट पाडायचा धंदा धरला. जिथं कापसाची पऱ्हाटी उभी राहायची तिथं चुन्याच्या रेघा आणि दगडी खुंट्या आल्या. त्या खुंट्यांतूनच ही गाडी उगवली. गावोगावी लोक डोक्याला हात लावून बसलेले, आणि मी हत्तीएवढी गाडी फिरवत होतो. लाज वाटायची का? वाटायची. पण स्टिअरिंग हातात आलं की विसरायचो, हेही खरं.

शोरूमच्या माणसानं मला अर्धा तास शिकवलं होतं. गिअरजवळ एक बटण. ते तसंच ठेवलं की गाडी मऊ चालते. दाबलं की समोरचे काटे लाल होतात, गाडी खाली बसते, कडक होते आणि इंजिन चवताळतं. "काका, हे तुमच्या कामाचं नाही," तो म्हणाला. "आपले रस्ते पाहता कंबर जाईल." शेठच्या कमरेची गादी आधीच सरकलेली. म्हणून दोन महिन्यांत मी त्या बटणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. लाल म्हणजे धोका, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं.

शेठ आदल्या दिवशीच भागीदाराच्या गाडीनं अमरावतीला गेले होते. सकाळी त्यांचा फोन आला, दुपारपर्यंत गाडी घेऊन ये, दोन दिवस मुक्काम आहे. मी धीर करून विचारलं, "बायकोलेही आनू का? तिची बहीन तिथंच राहते." शेठ म्हणाले, "आण ना. फक्त सीट सांभाळ."

तर ती पुढं बसली, माझ्या बाजूला. मांडीवर टॉवेल, हातात प्लास्टिकच्या तीन पिशव्या, आणि हुंगायला एक लिंबू. ते लिंबू तिनं दोघांच्या मधल्या खोबणीत ठेवलं.

डोक्यावर भरली घागर घेऊन चालावं तशी मी गाडी काढली. रस्ता त्या वर्षांत पार फुटलेला. पण गाडी खड्डा कळू द्यायची नाही. अलगद वर जायची, अलगद खाली यायची, पुन्हा जराशी वर. वळणावर कलायची आणि सावकाश सरळ व्हायची. ब्रेक लावला की नाक वाकवायची. मी मनात म्हटलं, वा रे गाडी, पोटातलं पाणी हलत नाही. इकडं ते लिंबू खोबणीत या टोकाचं त्या टोकाला फिरत होतं आणि तिचे डोळे त्या लिंबावर. बोरगाव मंजू मागं पडलं तसे तिचे ओठ पांढरे झाले.

"थांबवा. आत्ता थांबवा."

दार उघडून ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसली. पदरानं तोंड पुसलं.

"मले यष्टीत बसवून द्या. सीट घान झाली तं नोकरी जाईन तुमची."

"सीट गेली खड्ड्यात. पन तुले लागली काऊन? एवढी मऊ गाडी हाये."

"मऊ हाये म्हनूनच तं!" ती उसळली. "हे गाडी चालत नाई, डुलते. लेकराच्या पायन्यात म्हातारी घालून झोके देल्ले तं ओकन नाई तं काय करन थे? माह्या बापाच्या दमनीत मी कोसकोस जाओ. हाडं खिळखिळी होत, पन कधी ओकली नाई. दगड लागला तं लागला, कळे तरी. हिच्यात खाली रस्ता हाये का पानी, तेच समजत नाई."

तिचा बाप शंकरपटातला गडी. बैलजोड्यांच्या शर्यतीत त्याची जोडी धावायची. माणसं न्यायची हलकी बैलगाडी, म्हणजे दमणी, तीही तो पट असल्यासारखीच हाकायचा. पोरगी त्या धक्क्यांत वाढलेली. आणि मी मूर्ख माणूस चाळीस वर्षं तिच्यासाठी गाडी हळू करत आलो! जीप हळू, ब्रेक हळू, वळण हळू. जितकी हळू तितकी डुलायची. माझ्या डोक्यात एकदम लखकन पेटलं.

"बस गाडीत," म्हटलं. "एक करून पाहू. नाईच जमलं तं यष्टी."

"मेली तं पाप तुमच्यावर."

"बस वं."

मी बटण दाबलं. काटे लाल झाले. गाडी सुस्कारा टाकून खाली बसली, म्हैस बसते तशी. अ‍ॅक्सिलरेटरला पायाचा नुसता स्पर्श झाला तर इंजिननं असा आवाज काढला की मीच दचकलो. स्टिअरिंग जड झालं. आधी ते बोटानं फिरायचं, आता हाताला धरून बोलायला लागलं. डाव्या चाकाखाली काय आहे, उजव्या चाकाखाली काय आहे, सगळं मनगटात येत होतं. पहिला खड्डा आला. धाड! माझी कंबर मोडून निघाली. लिंबू जागच्या जागी उडालं आणि जागच्या जागीच पडलं. डुललं नाही.

मी तिच्याकडं पाहिलं. ती समोर पाहत होती.

"आता कळते," ती म्हणाली, "खाली रस्ता हाये म्हनून."

काटेपूर्णेच्या पुलाअलीकडं वळण आहे. एरवी मी तिथं गाडी मरणाची हळू करायचो. त्या दिवशी तितकी केली नाही. गाडी कलली नाही, रुळावर असल्यासारखी वळली. वळण संपता संपता पाय दिला तर गाडीनं स्वतःच गिअर खाली घेतला आणि धरून ठेवला, आणि आम्ही दोघं मागं सीटला चिकटलो. ट्रक चालवला, जीप चालवली, पण पाय आणि चाक यांच्यात इतकं कमी अंतर मी कधी पाहिलं नव्हतं. सांगतो ते ऐकते, आणि सांगायच्या आधी ऐकते.  मी पासष्टीचा माणूस, पण त्या घडीला पंचविशीचा होतो.

पुढं एक यष्टी चालली होती, धूर सोडत. बाईसाहेब आता रंगात आल्या होत्या.

"तिले मांगं टाका."

"काऊन?"

"चाळीस वर्सं ओकवलं तिनं मले. टाका मांगं! दाबा!"

समोरचा रस्ता मोकळा पाहिला आणि दाबलं. यष्टी अशी मागं गेली जशी उभीच होती. खिडकीतल्या माणसांना हिनं हात केला, पुढाऱ्यासारखा. मग एवढी हसली की टॉवेल तोंडाला लावावा लागला. मी घाबरलो, ओकते का काय. ती डोळे पुसत होती.

एका गावाजवळ मात्र मी फसलो. गाडी खाली बसलेली आहे, हे विसरलो. गतिरोधकावर पोटाखालून खर्र आवाज आला. माझा जीव गेला. उतरून वाकून पाहिलं, नुसती माती घासली होती. तेवढ्यापुरतं मी बटण पुन्हा साधं केलं, गाडी उचलली गेली. दहा पावलं गेलो नाही तर बाजूनं आवाज आला, "पायना काऊन चालू केला?" मी परत लाल केलं आणि पुढच्या प्रत्येक गतिरोधकाला पाया पडल्यासारखा गेलो.

मूर्तिजापूरच्या पुढं एका वावराजवळ तिनं बोट दाखवलं. "इथं पट भरे. माह्या बापाची जोडी इथं धावली होती." तिथं आता प्लॉटचा फलक होता आणि कमान. कोणाचा फलक ते मला माहीत होतं.  "दाबा," ती एवढंच म्हणाली.

बडनेरा आलं तेव्हा तिन्ही पिशव्या घडी केलेल्याच होत्या. लिंबू तिनं हुंगलंही नव्हतं. अमरावतीत बहिणीच्या दारात गाडी थांबवली. ती उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि बहिणीला म्हणाली, "अकोल्याहून आली मी. ह्यांच्या गाडीत. पाह्य, तोंड सुकलं का माह्यं?"

मी कागद उचलून झटकला. सीट जशीच्या तशी. गाडी शेठच्या मुक्कामी लावली आणि सांजेला ऑटोनं बहिणीकडं परत आलो, तर आत अजून तेच चाललं होतं. बायकांच्या घोळक्यात बसून ही हातानं वळणं काढून दाखवत होती, धाड, खर्र, सुर्र. बहीण मला म्हणाली, "भाऊजी, हिनं दुपारपासून आमाले तीनदा अकोल्याले नेऊन आनलं."

"परतीलेही लालच," ती म्हणाली. "आताच सांगून ठेवते."

पहाटे बहीण तिला चहाला उठवायला गेली. ती उठली नाही. डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच हृदय थांबलं. मी विचारलं, कालच्या धक्क्यांनी तर नाही? ते म्हणाले, नाही बाबा, धक्क्यांनी असं होत नाही. मी मानलं. मानल्याशिवाय उपाय काय.

अग्नी अकोल्यात द्यायचं ठरलं, आमचा पोरगा तिकडंच येणार होता. शेठनं गाडी देतो म्हटलं नाही, मी मागितली नाही. माझ्या साडभावाकडं, म्हणजे तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडं, संत्रा वाहायची पिकअप होती. तो म्हणाला, "भाऊ, तुमी मांगं बसा तिच्याजवळ. गाडी मी घेतो."

"नाई. मीच नेतो."



पिकअप ओझ्यासाठी केलेली असते. मागं ओझं नसलं की दर खड्ड्याला तिची शेपूट उडते. आणि तिचं वजन ते काय. साडभावाच्या गोठ्यात सरकीच्या ढेपेची पोती होती. त्यातली सहा मी मागच्या चाकांच्या वर लावून घेतली, तीन इकडं, तीन तिकडं, आणि सरकू नयेत म्हणून दोरानं आवळली. मधे गादी टाकली. चारचौघांनी तिला उचलून ठेवलं. टायर उसळू नयेत म्हणून मी मागच्या दोन्ही टायरांतली हवा थोडी सोडली, हातानं दाबून पाहिलं, आणखी थोडी सोडली. मग गाडीच्या कडेला धरून मागचा हौदा हलवून पाहिला. डुलत नव्हता.

मी स्टिअरिंगवर बसलो, पहिला गिअर टाकला आणि बडनेऱ्यावरून अकोल्याच्या रस्त्याला लागलो.