नऊ विटांचा सांडू

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या धान्य मोंढ्यात सांडू नावाचा मुकादम होता. मजीदमियाँच्या गोदामात ज्वारीची पोती एकावर एक रचून थप्प्या लावणं हे त्याचं काम आणि पोतं किती घसरतं हे मोजणं हे त्याचं वेड. त्याच्याकडं एक फळी होती. तिच्यावर ज्या पोत्याचं माप घ्यायचं त्याच्याच कापडाची, पाच शेर ज्वारी भरलेली पिशवी ठेवायची आणि फळीच्या एका टोकाखाली विटा वाढवत जायच्या. पिशवी घसरली की विटा मोजायच्या. जुनं खरखरीत पोतं नऊ विटांचं. माणसांनाही तो हेच माप लावी. सख्खा मेव्हणा त्यानं दीड विटेत निकालात काढला होता.

एका वर्षी मजीदमियाँ कलकत्त्याहून नमुन्याला आलेल्या नव्या, गुळगुळीत पोत्यांवर भाळले. दोन हजार मागवायचं ठरलं.

"मालक, ही पाच विटांची हायत," सांडू म्हणाला. "बारा थरांची थप्पी लावली तर हमालांची चटणी व्हईल."

"बीस बरस से तेरी ईंटां सुन रऊं मैं! कल मेरे सामने दिखा. नै तो गोदाम की चाबी बद्रीनाथ कू."

दुसरा मुकादम बद्रीनाथ. चावी अडकवायला त्यानं संध्याकाळीच नवा करगोटा बांधला.

सकाळी सगळा मोंढा जमला. जुनी पिशवी तीन विटांना सुळकन खाली. नवीही तीनला. बद्रीनाथनं चावीसाठी हात पुढं केला. सांडूनं फळीवर बोट फिरवलं, हुंगलं, आणि त्याचा चेहराच उतरला. करडईचं तेल!

"व्हय, मीच चोपडलं," भाकरी घेऊन आलेली त्याची बायको भागूबाई म्हणाली. "मालकापुढं तसली कळकट फळी नेत्यात व्हय? आन् गोदामात पोतं काय फळीवर बसतं? पोत्यावरच बसतं नव्हं?"

सांडूनं कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं त्यानं पोतं लाकडावरच घसरवलं होतं!

त्यानं फळीवर जुनं पोतं ठोकलं, वर जुनी पिशवी ठेवली. दहा विटा! मग फळीवर नवं पोतं ठोकून वर नवी. चार विटांना पिशवी जमिनीवर.

"थैली हलकी है," मजीदमियाँ हटून बसले. "असल पोते में डेढ़ मन माल रहता."

"मग तुम्हीच बसा की, मालक. तुम्ही दोन मणाचं तरी असालच."

हमाल दात काढू लागले, तसे मजीदमियाँ इरेला पेटले. नव्या पोत्याची घडी फळीवर टाकून ते तिच्यावर बसले. चार हमाल टोक उचलत होते आणि सांडू खाली विटा सारत होता. एक. दोन. तीन. चौथ्या विटेला मजीदमियाँ टोपीसकट निघाले ते थेट फळीच्या खालच्या टोकाशी बसलेल्या बद्रीनाथच्या मांडीवर.

"चारच!" सांडू नाचायला लागला. "वजन वाढवलं तरी चारच, मालक! वजनानं फरक पडत नाय!"

मजीदमियाँनी बद्रीनाथच्या मांडीवर बसल्या बसल्याच टोपी सारखी केली.

"पोते नक्को," ते म्हणाले. "चाबी तू रख, सांडू. लेकिन," त्यांनी फळीकडं बोट केलं, "ये तख्ता भागूबाई कू दे."