रंगनाथ महाराज कुणाकुणाचं सांगतात

कीर्तनात मृदंग वाजवणाऱ्याला बोलायचं काम नसतं, नुसतं ऐकायचं. मी वीस वर्षं आमच्या रंगनाथ महाराजांच्या बाजूला उभा राहून वाजवतोय. किस्से साठणारच की!

महाराज दृष्टान्त कुठूनही उचलतात, पण लपवत न्हाईत. वाटूरला कीर्तन संपल्यावर एक जण तावातावानं पुढं आला. "महाराज, ही गोष्ट मी मोबाइलवर ऐकल्ती!"

"मंग शेवट बराबर सांगितला का मी? मी अर्धीच ऐकल्ती!"

*

रशीदभाई आमचे साउंडवाले. एकदा जीपमध्ये सहज म्हणाले, की तव्यावरची पहिली, करपलेली रोटी अम्मी कायम स्वतःच्या ताटात घ्यायची. म्हणायची, "मुझे ऐसीच पसंद है!"

त्याच दिवशी महाराजांनी कीर्तनात ते सांगितलं. "हे कुठल्या ग्रंथातलं न्हाई बरं का! आपल्या रशीदभाईंच्या अम्मीचं आहे!"

अख्खा मांडव वळून मागं बघायला लागला. रशीदभाई मान खाली घालून मशीनशी खुडबुड करून राह्यले. आवाज मात्र एकदम वाढला!

*

जालना एमआयडीसीत रोलिंग मिलच्या कामगारांसमोर महाराज रंगात आले. "लोखंडासारखं व्हा! कशानं वाकू नका!"

पुढं बसलेला एक कामगार उठला. "महाराज, आमच्याकडं वाकतं ते. तापवलं की वाकतं, दाबलं की बारीक होतं. पण जेवढं बारीक, तेवढं लांब जातं."

मी हात थांबवला. म्हटलं, आता महाराज चिडणार!

महाराजांनी हात जोडले. "माझं चुकलं. उद्यापासून तुमचं सांगतो." आणि आजही सांगतात, त्याचं नाव घेऊन.

*

मंठ्याकडच्या एका नव्या कीर्तनकार ताईंनी तर महाराजांचं अख्खं कीर्तनच उचललं. मध्ये थांबून खोकण्यासकट! नेमके महाराज समोर बसलेले. कीर्तन संपल्यावर ताई घाबरून पाया पडल्या. "माफ करा महाराज, सगळं तुमचंच घेतलं."

"घ्या की! माझं तरी कुठं माझं आहे? खोकला तेवढा स्वतःचा, तो राहू द्या मला."

*

कुंभार पिंपळगावला नऊ वर्षांची एक पोर तापानं गेल्ती. दहाव्याला महाराजांचं प्रवचन होतं. सुरू व्हायच्या आधी तिची आई सांगत बसली. पोर शाळेत जाताना रोज शेजारच्या आंधळ्या आजीच्या दारात थांबायची, आणि आज आभाळ कसं दिसतंय ते तिला सांगून पुढं जायची.

महाराजांनी प्रवचनात त्यातलं अवाक्षर काढलं न्हाई. नंतरही कुठं न्हाई. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचं दुःख आहे ते. त्याच्यावर टाळ्या कशा घेऊ?"

दोन वर्षांनी घनसावंगीच्या कीर्तनाला तीच आई आल्ती. मांडव रिकामा होईपर्यंत बसून राहिली, मंग उठून पुढं आली.

"महाराज, तुमची तीन कीर्तनं ऐकली मी. सगळ्यांचं सांगता. माझ्या लेकीचंच का न्हाई सांगत?"

महाराजांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या.

"तुम्ही सांगितलं असतं, तर गावोगाव फिरली असती ती."

महाराजांनी डोक्यावरचा फेटा काढला, तिच्यासमोर सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "सांगा माय. पहिल्यापासून सांगा."