आपल्या मापाची सीट

गाडीत बसायच्या आधी तो स्वतःची घडी घालायचा. डावा पाय आत, मग मान वाकवून धड, मग उजवा पाय, आणि शेवटी दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना टेकलेले. उंची सहा फुटांच्या वर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सीट मागं सरकते हे याला ठाऊकच नसावं. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाला, समोरच्याला काही येत नाही असं वाटायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, "अरे, खाली दांडा असतो. तो ओढ आणि हो मागं."

"ठाव हाय, गुरुजी. पर गाडी दुसऱ्याची हाय. शीट आपल्या मापाची करून घिऊ न्हाई."

यामागची हकिकत मला नंतर कळली. मालक बुटके. आटपाडीत त्यांच्या तीन गाड्या भाड्यानं फिरत. हा कामावर लागला त्या दिवशी यानं सीट ऐसपैस मागं घेतली, गाडी मालकांच्या दारात लावली आणि जेवायला गेला. मालक घाईनं येऊन बसले, गाडी मागं घेतली आणि ब्रेकपर्यंत पाय पोचेना. गोठ्याच्या भिंतीचा कोपरा ढासळला. मालकांनी याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवसापासून याचे गुडघे वर गेले ते गेलेच.

आमची ओळख झाली ती माझ्या बायकोच्या आजारपणामुळं. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सांगलीला डायलिसिस. पहाटे पाचला घर सोडायचं, भिवघाट, तासगाव करत सांगली गाठायची, आणि दुपारनंतर त्याच रस्त्यानं परत. अडीच वर्षं आम्ही असे गेलो. इतका वेळ मी माझ्या सख्ख्या भावाबरोबरही कधी बसलो नाही.

तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर तो रस्ता तुम्हाला माहीत आहे, आणि नसाल तर सुखी आहात. त्याला मात्र त्यातला खड्डा न् खड्डा पाठ होता. येताना बायको मागच्या सीटवर आडवी व्हायची. तिची एक छोटी उशी गाडीतच असायची. गतिरोधक आला की हा गाडी इतकी हळू करायचा, की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. आरशात तिच्याकडे बघून गाडी अलगद पलीकडे न्यायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ती झोपलीय, तिला काय कळतंय?" तर म्हणाला, "म्हणून तर, गुरुजी. जागं मानूस धरून बसतंय."

त्याचं घराणं मेंढपाळांचं. बाप आणि चुलते दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, लोकांच्या रानात खतासाठी कळप बसवायचे, आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचे. सगळी पिढी चालण्यात गेलेली. हा एकटाच चाकावर बसलेला, आणि त्याला स्वतःची गाडी हवी होती.

हवी होती म्हणजे किती, ते तुम्ही त्याच्या गाडीत बसला असतात तर तुम्हालाही कळलं असतं. तो प्रत्येक भाड्याला विचारायचा, "काय म्हंता, घिऊ का नगं?" मालकांनी तीच गाडी त्याला देऊ केली होती. थोडे पैसे रोख, बाकीचे पतसंस्थेचं कर्ज काढून. दसऱ्यापर्यंत मुदत. मग काय, गाडीत बसेल त्याचं मत हा घेत सुटला. सांगलीचा एक डॉक्टर म्हणाला, घे, तरुण आहेस. लग्नाच्या वऱ्हाडातला कुणाचा तरी मामा म्हणाला, आधी लग्न कर. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या म्हणाला, डिझेलचा आकडा बघितलास का?

"घे म्हननारं अकरा झालं, नगं म्हननारं नऊ," आरशातून माझ्या बायकोकडं बघत तो मला सांगायचा. "काकी घे म्हंत्यात. काकींचं मत मी दोन धरलंय. तुमचं र्‍हायलंय, गुरुजी."

"बघू," मी म्हणायचो.

माझं मत शेवटपर्यंत राहण्याला कारण होतं. पतसंस्थेला पगारदार जामीन लागतो. आमच्या भागात पगारदार म्हणजे मास्तर. पगाराची तारीख ठरलेली, आणि पळून कुठं जाणार? अशी एक सही मी पूर्वी केली होती, बरोबरच्या एका शिक्षकासाठी. त्यानं हात वर केले आणि त्याचे हप्ते तीन वर्षं माझ्या पगारातून कापले गेले. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं की मला आधी खिशातलं पेन आठवायचं. यानं मात्र तोंड उघडून कधी सही मागितली नाही. फक्त विचारायचा, घिऊ का नगं?

मागितली ती त्याच्या बापानं. माघ महिन्यातली गोष्ट. तासगावच्या अलीकडं एका द्राक्षबागेशेजारच्या पडीक रानात त्यांचा कळप बसला होता. येताना यानं गाडी कडेला घेतली. म्हातारा काठी टेकत आला, गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप मारली आणि मला म्हणाला, "गुरुजी, माझी मेंढरं व्यात्यात. दोनाची चार हुत्यात. ही व्याती का?"

आम्ही हसलो. म्हातारा हसला नाही.

"न्हाई व्यात, ते मलाबी कळतंय. पर ह्येचं मन हिच्यावर बसलंय. निम्मी मेंढरं इकतो म्या. उरल्याल्याला तुमी जामीन र्‍हावा. आमाला कागदातलं कळत न्हाई. तुमी घे म्हंताय तर घेतो, नगं म्हंताय तर नगं. तुमी सांगशिला तसं."

तो गाडीच्या पलीकडे उभा होता. वाकून काचेवरची धूळ पुसत होता, आणि ती धूळ केव्हाच पुसून झाली होती.

मी घसा खाकरला. गाडी जुनी आहे म्हणालो. भाड्याचा काही भरवसा नाही म्हणालो. घरची मेंढरं म्हणजे हातातला जिवंत पैसा, तो असा मोडू नये, असंही म्हणालो. वर्गात बोलतो तसं मुद्देसूद बोललो. शेवटी म्हणालो, "एक वर्ष थांब. पुढच्या वर्षी बघू. मी काय पळून जातोय का?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला ते पटलं होतं. गुरुजींनी सांगितलं होतं ना!

घरी आल्यावर बायकोनं पायातल्या चपला काढता काढता विचारलं, "आवं, तुमी इचार त्येच्या गाडीचा केला का आपल्या पगाराचा?"

मी म्हणालो, "दोन्हीचा." ते खोटं होतं. तिचं औषधपाणी त्याच पगारावर चाललं होतं, तेव्हा मला भीती वाटणं काही गुन्हा नव्हता. पण मग मला भीती वाटते, असं सरळ सांगायचं होतं. मी भीतीला शहाणपणाचे कपडे घालून त्या दोघांपुढं उभं केलं, आणि त्यांनी तिला नमस्कार केला. हे मला अजून टोचतं.

दसऱ्याला मालकांनी गाडी एका डाळिंबवाल्याला विकली. त्याचा मुलगाच ती चालवणार होता. उरलेल्या दोन गाड्यांवर जुने ड्रायव्हर होते. याच्या हाताला काम उरलं नाही.

आदल्या दिवशी तो घरी आला. गाडी धुऊन लखलखीत केलेली. हातात बायकोची उशी. अभ्रासुद्धा धुतलेला होता. "काकी, ही र्‍हाईल म्हणून आणली. गुरुजी, शुक्रवारी दुसरी गाडी सांगा."

मी उशी हातात घेतली. तोच म्हणाला, "बरं झालं तुमी थांब म्हनला ते. डोक्याचा ताप गेला."

खरं सांगतो, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

पुढं विट्याच्या एका शेटकडं त्याला नोकरी लागली. आमच्याकडची ही माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. या शेटचं दुकान पार दक्षिणेत. तो तिकडं गेला.

आम्हाला दुसरी गाडी मिळाली, दुसरा ड्रायव्हर मिळाला. पोरगा वाईट नव्हता. पण गतिरोधकावर गाडी आदळली की बायको उठून बसायची, वरचा दांडा धरायची आणि विचारायची, "रस्ता त्योच हाय न्हवं?" पुढं पुढं ती आडवी व्हायचीच बंद झाली. उशी मांडीवर घेऊन बसून राहायची. आठ महिन्यांनी ती गेली.

त्याच वर्षी अवकाळी पाऊस आला. उघड्या रानात बसलेला त्याच्या बापाचा कळप थंडीनं गारठला, आणि एका पहाटेत निम्म्याहून जास्त मेंढरं आडवी झाली. विकायची ठरली होती, साधारण तितकीच.

मी मनाची समजूत घालायला उदाहरणं शोधतो. शेजारच्या गावातल्या एकानं कर्ज काढून गाडी घेतली, ती पतसंस्थेनं वर्षाच्या आत ओढून नेली. हे उदाहरण मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. मग दुसरं आठवतं. खालच्या आळीतल्या पोरानं अशीच घेतली होती, आता त्याच्या दोन गाड्या आहेत आणि दारात मांडव पडलाय. माझं चुकलं असं कुणी ठामपणे सांगितलं तरी मी सुटेन. पण ते सांगणारं माणूस आता घरात नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. या दिवाळीच्या आधी न राहवून, त्याला जामीन राहायचं म्हणून, पतसंस्थेत जाऊन आलो. क्लार्क माझाच विद्यार्थी. कर्ज कुणाला, किती, ते काहीच विचारायच्या आधी हसून म्हणाला, "गुरुजी, आता तुमची सही चालत न्हाई. पगार चालू असल्याला मानूस लागतो." मी खिशातलं पेन खिशातच ठेवून घरी आलो.

पाडव्याला तो आला. शेट दिवाळीला गावी आले होते, त्यांची भलीमोठी पांढरी गाडी घेऊन. गल्लीतली पोरं गाडीभोवती जमली. आत येऊन त्यानं माझ्या बायकोच्या फोटोला हात जोडले. चहा घेतला. बाप बरा आहे, उरलेली मेंढरं चुलत्याकडं दिलीत, म्हणाला.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"आता कशाला, गुरुजी. पगार येतूय की महिन्याच्या महिन्याला." हे तो इतकं सहज म्हणाला, की मला खाली बघावं लागलं. पूर्वी त्याला विचारायला एक प्रश्न तरी होता. आता तो कुणालाच काही विचारत नव्हता.

पोचवायला फाटकापर्यंत गेलो. त्यानं दार उघडलं. डावा पाय, मान, धड, उजवा पाय.

"अजून तसंच?" मी म्हणालो.

तो हसला. "हिला बटन हाय, गुरुजी. नुसतं दाबलं की शीट आपसूक मागं जाती."

"मग दाब की, बाबा."

"शेट कवाबी येऊन बसत्यात. उंचीनं बारीक हायती," तो म्हणाला. "र्‍हाऊ द्या. सवं झालीया."

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक गतिरोधक आहे. तिथं त्यानं गाडी अगदी थांबल्यासारखी केली आणि अलगद पलीकडे नेली. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. मग गाडी मोठ्या रस्त्याला वळली, आणि वळताना खिडकीतून तो मला दिसला. मान वाकलेली, आणि दोन्ही गुडघे स्टिअरिंगला टेकलेले.