सहाच्या आधी वाजलेली वंदना

आमच्या घरात भूत, भानामती, नजर लागणं असल्या विषयांना उंबऱ्याच्या आत प्रवेशच नव्हता. बाबा भोकरदन तालुक्यात शाळामास्तर होते. 'अमक्याच्या अंगात आलंय' असं कुणी सांगत आलं की ते शांतपणे म्हणायचे, "मंग आधी ताप बघा." त्यांचाच मी मुलगा, त्यात सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय... आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही.

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी भोकरदनला घरी बसून करतो. बाबा गेल्यावर आई एकटी नको म्हणून इकडे आलो. कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेले आणखी बरेच कॉम्प्युटर चालवता येतात. बाहेरचा खरा तो यजमान, आतले ते पाहुणे. पाहुणा सांगून ठेवतो — मला अमुक क्षणी उठव. यजमान बरोबर त्या क्षणी हाक मारतो, पण ती पोचून पाहुणा उठेपर्यंत उशीर झालेलाच असतो. उपाय सोपा, हाक जरा आधी मारायची. किती आधी? ते ठरवणारा कोड माझ्याकडे आहे. मागच्या वेळी पाहुण्याला किती उशीर झाला ते बघायचं आणि हाक तेवढी अलीकडे घ्यायची. फार आधी झाली तर पुन्हा मागे. यंत्र आपलं आपण शिकत जातं. आणि हे सगळं इतकं बारीक, की तुमची पापणी लवेपर्यंत असे हजारो गजर होऊन जातील. शिवाय वर मर्यादा घातलेली. तिच्यापलीकडे हाक अलीकडे जाऊच शकत नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "हे तर तुझे बाबा करायचे. घड्याळाला."

खरंच होतं. भिंतीवरचं घड्याळ बाबा कायम पुढे ठेवायचे. आईला घेऊन कुठं निघाले आणि जालन्याची एसटी चुकली, की घरी येऊन स्टुलावर चढायचे आणि काटा आणखी पुढे सारायचे. स्टँडवर उगाच ताटकळावं लागलं, की थोडा मागे. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला आलेल्या माझ्या मामेभावानं मोबाईल बघून ते घड्याळ 'दुरुस्त' करून दिलं, आणि मोठं काम केल्यासारखा चहा प्यायला. तेव्हापासून आईच्या एसट्या चुकायला लागल्या.

माझं टेस्टिंगचं मशीन बैठकीत, दिवाणाखाली. त्यातल्या एका पाहुण्याला मी घरचं काम लावलं होतं — रोज संध्याकाळी सहाला स्पीकरवर बुद्धवंदना लावायची. पूर्वी बाबा स्वतः म्हणायचे. आताचं रेकॉर्डिंग विकतचं आहे. बाबांचा आवाज आम्ही कधी साठवलाच नाही, याचं वाईट वाटतं. वंदना सुरू झाली की आई हातातलं काम टाकून आत येते. म्हणजे, "आले आले" म्हणते. मग हातातलं काम पुरं करते. मग येते.

उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. अशा दिवशी आमच्या गल्लीत सण असतो — हंडे, बादल्या, गच्चीवरच्या टाक्या, सगळं काठोकाठ. आई मागच्या अंगणात पत्र्याखाली पोतं अंथरून तूर पाखडत होती. मी बैठकीत कॉलवर होतो, पल्लवीशी. ती माझी टीम लीड, पुण्यात असते. "सहाच्या आत संपवू या," ती म्हणत होती, "मुलीला क्लासहून आणायचंय."

आणि वंदना सुरू झाली.

"झाले सहा?" पल्लवी दचकलीच. मग म्हणाली, "अरे, अजून अवकाश आहे की! तुझं मशीन पळतंय पुढे."

मी मोबाईल पाहिला. सहाला चांगली दहा-बारा मिनिटं होती. लाजच वाटली. वेळ सांभाळायचा पगार घेतो, आणि माझ्याच घरी ही तऱ्हा... आईला ओरडून सांगणार होतो, बस, चुकून वाजलंय. पण म्हटलं जाऊ दे, केव्हाची पत्र्याखाली उकडतेय, येऊ दे आत.

"आई, वंदना!"

"आले आले. एवढं सूप होऊन राह्यलं."

त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. सुपाचा आवाज चालूच.

"आई!"

"येऊन राह्यले न्हाई का! येवढी काय जल्दी हाय तुला?"

रेकॉर्डिंग संपत आलं तेव्हा ती पदराला हात पुसत आली. तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं आणि मागे धाडकन आवाज झाला. शेजारच्या गच्चीवर भरलेल्या टाकीखालचं बांधकाम खचलं होतं. टाकी आमच्या पत्र्यावर, आणि पत्रा आईच्या पोत्यावर. अंगणभर पाणी आणि तूर. सूप कुठे दिसतच नव्हतं.

मी आईला धरून खाली बसवलं. कॉल चालूच होता, पल्लवी विचारत होती, "काय पडलं? आई कुठायत?" मोबाईलवर सहा वाजत होते.

नंतर मशीन उलटंपालटं करून तपासलं. पाहुण्याच्या नोंदीत वंदना बरोबर सहाला सुरू झालेली. यजमानाचं घड्याळ बरोबर, मर्यादा जिथल्या तिथे. पल्लवीकडे कॉलचं रेकॉर्डिंग आहे, त्यात मात्र वंदना सहाच्या आधीच ऐकू येते, आणि शेवटी तो धडाका. दोन्ही एकदम खरं कसं असेल? पल्लवी माझ्याहून कडक. म्हणाली, "पुन्हा करून दाखव, मग बोलू." आम्ही मशीनवर भार टाकून पाहिला, घड्याळं मुद्दाम बिघडवून पाहिली. एकदाही तसं झालं नाही. आजही वंदना सहाला म्हणजे सहालाच लागते.

काही दिवसांनी चहा पिता पिता मी आईला विचारलं, "बाबा घड्याळ पुढं ठेवायचे, पण शाळेत तर ते कधीच उशिरा गेले नाहीत. मग कशासाठी?"

आई हसली. "त्यांला कुठं उशीर व्हायचा? माझ्यासाठी ठेवायचे. हाक मारली की मी आले आले म्हणते, अन् लवकर काय येत न्हाई. मला किती टाइम लागतो, ते बराबर ठाऊक व्हतं त्यांला."

मी कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी हाक जितकी आधी आली, जवळजवळ तेवढाच वेळ आईला सूप ठेवून, उठून, उंबरा ओलांडायला लागला होता. जरा उशिरा वाजली असती, तर ती "आले आले" म्हणत तिथंच बसलेली असती. आणि माझ्या कोडला आई ठाऊक नाही. त्याला कुणी सांगितलं?

भूत मी आजही मानत नाही. आईही मानत नाही.

परवा मात्र स्टूल घेतलं, भिंतीवरच्या घड्याळापाशी चढलो आणि आईला हाक मारली — "आई, किती पुढं करू? ये ना जरा."

"आले आले," स्वयंपाकघरातून आवाज आला.

ती दारात येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. जेवढा वेळ गेला, काटा तेवढाच पुढे केला.