सासूला घेऊन ये

लोणावळ्याच्या बाजारात डॉक्टर सोवनींचा दवाखाना होता. लोक त्याला पोरांचा दवाखाना म्हणत. मोठ्या माणसाला खोकला झाला तर तो दुसरीकडे जाई. इथे यायचं ते मूल काखेत घेऊन. दवाखान्याच्या दारात, उंबऱ्याच्या आत एका पाटावर झुंबरबाई बसे. तिच्या एका हाताला उकळून गार केलेल्या पाण्याचा हंडा, दुसऱ्या हाताला केरसुणी. डॉक्टरांकडे जायचं तर आधी झुंबरबाईला ओलांडावं लागे, आणि ती ओलांडू देईच असं नाही.

ती मूळची परंदवडीची सून. नवरा रेल्वेच्या गँगवर होता, तो लवकर गेला. त्याच्याही आधी तिचा मुलगा गेला, दोन वर्षांचा. त्याला ढाळ लागले होते. ती त्याला घेऊन तळेगावला एका डॉक्टरकडे गेली होती, सासूला न विचारता. डॉक्टरनं बाटली दिली. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली होती, एका खाचेपर्यंत एक डोस. घरी आल्यावर सासूनं बाटली हातात घेतली, बूच काढून वास घेतला आणि बाटली उकिरड्यावर उलटी केली. सुनेनं परस्पर आणलेलं औषध माझ्या घरात चालणार नाही, एवढंच ती म्हणाली. आणि ढाळ लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं, ही घरची जुनी रीत होती, ती तिनं पाळली. पाणी दिलं की ढाळ वाढतात, असं सगळेच म्हणत. मुलगा पाण्याच्या तांब्याकडे बघत गेला.

नवरा गेल्यावर झुंबरबाई लोणावळ्याला आली. आधी बंगल्यांवर भांडी घासली, मग सोवनींकडे झाडलोट करायला लागली. सोवनी तेव्हा नवे होते. औषध बरोबर द्यायचे, तरी मुलं दगावायची आणि का ते त्यांना कळत नसे. एकदा त्यांनी ते तिच्यासमोर बोलून दाखवलं. झुंबरबाई फरशी पुसत होती. फडकं पिळत ती म्हणाली, "बाटली सुनंच्या हातात देऊ नगा. घरात जिचं चालतं तिला हितं बोलवा."

सोवनींनी ते मनावर घेतलं. मागची पडवी साफ करून तिथे बाजा टाकल्या, चुली मांडल्या. जैनब नावाची टांगेवाल्याची बायको पोराला घेऊन राहिली, तेव्हा तिच्यासाठी कोपऱ्यात आणखी एक चूल मांडली गेली. आजारी मुलाबरोबर आई राही, आजी राही, कधी बापही येऊन भिंतीला टेकून बसे. पाणी कसं पाजायचं, किती किती वेळानं पाजायचं, हे डॉक्टर आजीला दाखवत. आजीनं एकदा आपल्या हातानं चमचा धरला की मग पाणी तिचंच होई. घरी गेल्यावर ते कुणी तोडत नसे.

तेव्हापासून दारात एक नियम झाला. एकटी सून आली की झुंबरबाई विचारी, घरात कुणाचं चालतं? ज्याचं चालतं त्याला घेऊन ये. यावरून दारात रोज काहीतरी घडे. शिरगावचा दत्तोबा नातवाला घेऊन आला तेव्हा मिशीवर हात फिरवून म्हणाला की घरात माझंच चालतं. झुंबरबाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "म्हातारीला आणतो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोला, मला तितं च्याबी कुणी इचारत न्हाई." पडवीतल्या बाया बराच वेळ हसत होत्या.

मुलं जगायला लागली. सगळी नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ. सोवनी हे श्रेय तिला मोकळेपणी देत. ऐकताना झुंबरबाईला बरं वाटे, आणि हळूहळू तिला असंही वाटायला लागलं की दारात आलेल्या सुनेचा चेहरा पाहिला की तिच्या घरची सासू आपल्याला दिसते. ती सासू दरवेळी एकाच चेहऱ्याची असे.

सन चौतीसचा वैशाख होता. बंगले मुंबईच्या माणसांनी भरलेले होते. त्या आठवड्यात एक बाई चोरून येऊन औषध घेऊन गेली होती आणि तिच्या सासूनं बाटली दारातल्या दगडावर फोडली होती. ते ऐकल्यापासून झुंबरबाई चिडलेली होती. सकाळी डॉक्टर खंडाळ्याला एका बंगल्यावर गोवर निघालेलं मूल बघायला गेले. दुपारपर्यंत येतो म्हणाले. जाताना सांगून गेले की कुणी फार आजारी आलं तर पडवीत घ्या, पाणी सुरू करा. हे ते नेहमीच सांगत.

डॉक्टर गेल्यावर थोड्याच वेळात भुशीहून एक पोरगी आली. रेल्वेच्या धरणाखाली चार-सहा घरांची वाडी आहे, तिथली. नाव लीलाबाई. बाई म्हणावी असं तिचं वय नव्हतं. चालून चालून तिचा चेहरा तांबडा झाला होता. काखेत मुलगी, अजून बसायलाही न लागलेली, ठकू. मुलीच्या डोक्यावर जाड खणाची कुंची होती, बंद हनुवटीखाली बांधलेले, कडेनं मणी. एवढ्या उन्हातही. वाटेत नजर लागू नये म्हणून.

झुंबरबाईनं विचारलं काय होतंय. पोरगी म्हणाली, कालपासून ढाळ लागलेत. झुंबरबाईनं कुंचीच्या आतला चेहरा पाहिला. मुलगी रडत नव्हती. न रडणारं मूल दारात आलं की आधी त्याची कुंची काढायची आणि टाळूवर बोट ठेवायचं, हे तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं, आणि ते तिनं शेकडो वेळा केलं होतं. टाळू खोल गेलेली असेल तर वेळ नाही. पण आज तिचं लक्ष मुलीच्या आईकडे होतं. आई एकटी आली होती.

"सासू कुटं हाय?"

"घरी. आत्याबाईंचा पाय..."

"पाय," झुंबरबाई म्हणाली. "कुणाच्या सासूचा पाय, कुणाच्या सासूची म्हस. समद्यांच्या सासवांना कायतरी असतंच. तिला सांगून आलीस का चोरून?"

पोरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. वडीलधाऱ्या बाईनं आवाज चढवला की उलट बोलायचं नाही, हे तिला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे शिकवलेलं होतं. ती गप्प राहिली. झुंबरबाईनं त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला.

ती मग समजुतीच्या सुरात बोलली. डॉक्टर दुपारी येतील. तोवर जा आणि सासूला घेऊन ये. ती आली की पडवीत जागा देते, मुलगी बरी होईल. तू एकटीनं नेलेलं औषध तिच्या तोंडात जायचं नाही, हे मला ठाऊक आहे. बोलताना तिचा हात पाण्याच्या हंड्यावर टेकलेला होता. मुलीला पाणी दिलंस का, हे तिनं विचारलं नाही.

लीलाबाई थोडा वेळ पायरीवर उभी राहिली. मग कुंचीचे बंद नीट केले, मुलीला दुसऱ्या काखेत घेतलं आणि आल्या वाटेनं निघाली.

डॉक्टर आले, जेवले. उन्हं कलली नव्हती तेव्हा दवाखान्याच्या बोळाच्या तोंडाशी बैलगाडी थांबली. गाडी वाडीतल्या अंबाजीची. तो जू धरून उभा राहिला, खाली बघत. गाडीतून आधी एक काठी आली, मग चिंध्या गुंडाळलेला एक पाय, मग एक म्हातारी. मागून लीलाबाई उतरली. मुलगी तिच्याजवळ होती, आणि कुंचीवरून पदर ओढलेला होता. म्हातारी लंगडत पायरीपर्यंत आली. झुंबरबाई उठून उभी राहिली होती.

डॉक्टरांनी मुलीला टेबलावर घेतलं. कुंचीचे बंद सोडले. टाळूच्या जागी बोट बसेल एवढा खळगा होता. त्यांनी छातीला कान लावला, बराच वेळ ठेवला. मग सरळ झाले आणि कुंची पुन्हा मुलीच्या डोक्यावर ठेवली. बंद बांधले नाहीत.

मुलगी गाडीतच गेली होती, बाजाराच्या अलीकडे. लीलाबाईला ते कळलं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारीचं नाव बयाबाई. तिनं बाकाला धरून स्वतःला सावरलं आणि झुंबरबाईकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"म्याच धाडली व्हती तिला," ती म्हणाली. "सोवनी डाक्टरकडं जा, तितं पोरं वाचत्यात, म्हनून. माजा पाय नारूनं धरलाय, टेकवत न्हाई, न्हाईतर मीच आली असती. तू तिला नुसतं इचारायचं व्हतंस, बाय."

डॉक्टरांनी झुंबरबाईला विचारलं, "सकाळी आल्या तेव्हा टाळू पाहिली होती?"

"न्हाई."

"पाणी?"

तिनं मान हलवली. सोवनींनी हात धुतले, पुसले. सकाळी पाणी सुरू केलं असतं, मी आल्यावर मांडीत सुईनं खारं पाणी दिलं असतं, तर कदाचित. कदाचित नाहीही. असं ते म्हणाले, आणि त्यानंतर या विषयावर तिच्याशी कधी बोलले नाहीत. तिला कामावरून काढलंही नाही. काढलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

मुलीला भुशीलाच मूठमाती दिली. त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः टांगा करून वाडीवर गेले आणि बयाबाईला घेऊन आले. तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. घोट्याच्या वर नारूच्या किड्याचं तोंड दिसत होतं, पांढऱ्या दोऱ्यासारखं. नारू ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळावा लागतो, गरम पाण्यानं शेकत. पोरांच्या पडवीत म्हाताऱ्या बाईला ठेवायची पद्धत नव्हती. तरी डॉक्टरांनी तिला तिथेच बाज दिली. गरम पाण्याचं काम झुंबरबाईचं होतं.

सकाळ-संध्याकाळ ती पाणी तापवून आणी, बाजेजवळ उकिडवी बसे आणि बयाबाईच्या पायावर फडक्यानं शेक देई. पहिले काही दिवस दोघी बोलल्या नाहीत. शेजारच्या बाजांवरच्या आया आपल्या पोरांना चमच्यानं पाणी पाजत, बयाबाई ते बघत बसे. एकदा तिनं विचारलं, पाण्यात काय घालता? झुंबरबाईनं सांगितलं, मीठ नि साखर. म्हातारी म्हणाली, आमी तर पानी तोडलं व्हतं. नंतर पुष्कळ वेळ ती भिंतीकडे तोंड करून होती.

पुढे एका संध्याकाळी शेक देताना तिनं झुंबरबाईला तिच्या घरचं विचारलं. झुंबरबाईनं सांगितलं. परंदवडी, बाटली, उकिरडा. ती हे फारसं कुणाला सांगत नसे. बयाबाईनं सगळं ऐकून घेतलं, मधे हूं हूं केलं. काडीवर गुंडाळलेल्या दोऱ्याकडे बघत ती म्हणाली, "राग तिचा. काडलास माज्या घरावर."

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. तिनं फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं आणि पिळलं. पाणी जरा जास्तच तापलं होतं, तिचे हात लाल झाले.

नारू पुरता निघाला तेव्हा बयाबाई घरी गेली. न्यायला लीलाबाई आली होती. ती बोळाच्या बाहेरच उभी राहिली, दाराकडे आली नाही.

दाराचा नियम डॉक्टरांनी बदलला. घरच्यांना बोलवायचं ते बोलवायचंच, पण माणूस पाठवून. आलेलं मूल परत पाठवायचं नाही. झुंबरबाई पाटावर बसत राहिली, आणखी पुष्कळ वर्षं. फरक एवढाच झाला की आता कुणी मूल घेऊन पायरी चढलं की ती नाव, गाव, काही न विचारता आधी हात पुढे करून कुंची सोडी. नुसता खोकला असला तरी. खरूज असली तरी. काही आयांना ते आवडत नसे. परक्या बाईनं दारातच पोराचं डोकं उघडं केलेलं कुणाला चालेल? नजर लागते. पाठीमागे तिला कुंचीकाढी म्हणत, आणि तिच्या नजरेबद्दल बाजारात बरंवाईट बोललं जाई. तिच्या कानावर ते येई. ती कुणाला का ते सांगत नसे. दारात आलेल्या बाईला ती आता बोलू देई, वाक्य पुरं होईपर्यंत, कितीही रेंगाळलं तरी. पण पूर्वीसारखी थट्टा तिच्या दारात राहिली नाही. दत्तोबा पुन्हा एकदा दुसऱ्या नातवाला घेऊन आला, या खेपेला म्हातारीसकट, आणि त्यानं जुनी गंमत काढून पाहिली. कुणी हसलं नाही म्हणून तोही गप्प बसला.

ठकू गेल्यानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात भुशीची गाडी पुन्हा बोळाशी थांबली. लीलाबाईला मुलगा झाला होता. त्याला ताप होता, फार नाही. गाडीतून बयाबाई उतरली, आता काठीशिवाय, पण पाय किंचित ओढत. मूल तिच्याजवळ होतं. लीलाबाई गाडीजवळच थांबली. दवाखान्याकडे पाठ करून ती बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

झुंबरबाई पाटावरून उठली आणि नेहमीप्रमाणे तिनं हात पुढे केला. त्याआधीच बयाबाईनं पायरीवर उभं राहून कुंचीचे बंद सोडले होते. कुंची तीच होती, खणाची, कडेला मणी असलेली. ती तिनं काखेत खुपसली आणि मुलाचं उघडं डोकं पुढे धरलं.

झुंबरबाईनं टाळूवर बोट ठेवलं. टाळू भरलेली होती.

"न्या आत," ती म्हणाली आणि बाजूला झाली. मग तिनं हंड्यातून पेला भरून घेतला, पायऱ्या उतरून गाडीपाशी नेला आणि लीलाबाईच्या मागे उभी राहिली. लीलाबाई वळली नाही. थोड्या वेळानं झुंबरबाईनं पेला गाडीच्या साटीवर ठेवला आणि ती परत येऊन पाटावर बसली. गाडी निघायची वेळ झाली तेव्हाही पेला तिथेच होता. अंबाजीनं तो उचलून दारात आणून दिला, भरलेला.